एका फुलातून सपुष्प वनस्पतींचा इतिहास कसा वाचावा

सपुष्प वनस्पतींची उत्क्रांती समजून घेण्यासाठी प्रयोगशाळा लागतेच असे नाही. हारवाल्याकडचा सोनचाफा, भाजीतली भेंडी, मसाल्याच्या डब्यातील चक्रफूल आणि लवंग, देवापुढचा नारळ आणि वहीत जपलेले पिंपळाचे जाळीदार पान एवढ्या सामग्रीवर या वनस्पतींच्या इतिहासातील बहुतेक महत्त्वाचे टप्पे प्रत्यक्ष पाहता येतात. ही पाहणी कोणत्या क्रमाने करावी, प्रत्येक ठिकाणी नेमके काय शोधावे आणि जे दिसले त्याचा अर्थ कसा लावावा, हे पुढे सांगितले आहे.

आज सपुष्प वनस्पतींच्या सुमारे तीन लाख जाती ज्ञात आहेत. उघड्या बीजांच्या म्हणजे अनावृतबीजी वनस्पतींच्या मात्र सुमारे एक हजारच उरल्या आहेत. जीवाश्मांत सपुष्प वनस्पतींचे निःसंशय परागकण सुमारे १३.५ कोटी वर्षांपूर्वीपासून मिळू लागतात आणि त्यानंतर तीन-चार कोटी वर्षांतच त्यांचे विलक्षण वैविध्य दिसते. चार्ल्स डार्विन यांनी २२ जुलै १८७९ रोजी आपले वनस्पतिशास्त्रज्ञ मित्र जोसेफ हूकर यांना लिहिलेल्या पत्रात या वेगवान विस्ताराला एक त्रासदायक कोडे म्हटले होते. त्या कोड्याचे सगळे पदर अजून उलगडलेले नाहीत. जनुकांच्या तुलनेवरून काढलेले अंदाज या वनस्पतींचा उगम वीस कोटी वर्षांच्याही मागे नेतात, आणि जीवाश्म मात्र त्याला अद्याप दुजोरा देत नाहीत.

पाहणीला बसण्यापूर्वी एक नियम पक्का करावा, कारण तो न पाळल्यामुळे या विषयावरचे पुष्कळ लोकप्रिय लेखन फसते. आज जिवंत असलेली कोणतीही वनस्पती दुसऱ्या जिवंत वनस्पतीची पूर्वज नसते. सोनचाफा आणि सूर्यफूल या दोघांनी आपल्या समान पूर्वजापासून अगदी सारखाच काळ काटला आहे. त्यामुळे ‘चाफा आदिम, सूर्यफूल प्रगत’ असे म्हणण्याला अर्थ उरत नाही. जुना किंवा नवा असतो तो गुण, आणि एकाच फुलात जुने गुण आणि नवे गुण शेजारी शेजारी नांदत असतात. म्हणून वहीत नोंद करताना वनस्पतीला नव्हे, तिच्या एकेका गुणाला जुना-नवा ठरवावे.

साहित्य आणि नोंदीची पद्धत

घड्याळजी किंवा सराफ वापरतात तसे दहापट मोठे दाखवणारे भिंग, दाढीचे नवे ब्लेड, दोन टाचण्या, जाड पांढरा कागद, मिलिमीटरच्या खुणांची पट्टी, पेन्सिल आणि वही एवढे पुरते. परागकणांसाठी सूक्ष्मदर्शक लागतो. शाळेतला चालेल, तो नसेल तर मनु प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये जगापुढे मांडलेला फोल्डस्कोप हा कागदी सूक्ष्मदर्शक १४० पट मोठे दाखवतो आणि या कामाला पुरेसा आहे.

वहीच्या डाव्या पानावर फक्त दिसलेले लिहावे: पाकळ्या किती, पुंकेसर (पराग देणारे नर अवयव) किती, काय कशाला जोडलेले आहे. उजवे पान अनुमानासाठी ठेवावे. दोन्ही एकाच पानावर लिहिले की अनुमान हळूहळू निरीक्षणाच्या जागी जाऊन बसते आणि मग ते तेथून उठवणे कठीण होते. फुले घरच्या कुंडीतील, बागेतील किंवा बाजारातील घ्यावीत. कास पठारासारख्या संरक्षित जागी जाऊन एकही फूल तोडू नये. तेथे भिंग घेऊन फुलापाशी वाकावे आणि नोंद करून परतावे.

सुरुवात फुलापासून नव्हे, बीजापासून करावी

सपुष्प वनस्पतींची खरी ओळख रंगीत पाकळ्या ही नाही. पाकळ्या नसलेली फुले असंख्य आहेत. खरी ओळख म्हणजे बीजांडे (ज्यांची पुढे बीजे होतात ते भाग) एका बंद कप्प्यात असणे. या कप्प्याला किंजदल किंवा कार्पेल म्हणतात. ते समजण्यासाठी आधी जेथे कप्पा नाही असे बीज पाहावे.

सुक्यामेव्याच्या दुकानात चिलगोजा मिळतो. हिमाचल प्रदेशातील किन्नौर भागात वाढणाऱ्या एका पाइन वृक्षाचे हे बीज आहे. त्याचे टरफल म्हणजे बीजाचेच कवच होय. त्याच्याभोवती कधीही फळ नव्हते. ते शंकूच्या खवल्यावर उघडे बसलेले होते. बागेतील सायकसच्या मादी झाडाच्या शेंड्याशी पाहिले तर लहान, लवदार, पानासारख्या अवयवांच्या कडेला बीजे तशीच उघडी लागलेली आढळतात.

आता वाटाण्याची एक शेंग घ्यावी. देठाशी वाळलेला निदलपुंज (फुलाच्या सर्वांत बाहेरच्या हिरव्या निदलांचा वेढा) आणि टोकाशी बारीक काडी दिसते. ही काडी म्हणजे परागकणांतून निघालेल्या नळ्या जेथून आत शिरल्या त्या कुक्षीवृंताचा अवशेष आहे. शेंग ज्या कडेला दाणे आहेत त्या कडेने अलगद उघडावी. दाणे आळीपाळीने एकदा डाव्या आणि एकदा उजव्या काठाला लागलेले दिसतील. शेंग म्हणजे मध्यशिरेवर दुमडलेले पान असे समजून पाहिले की याचा उलगडा होतो: दोन्ही काठांवर बीजांडे आहेत, काठ एकमेकांना जुळले आहेत, आणि पाठीमागची कड ही त्या पानाची मध्यशीर आहे. फुलाचे सर्व अवयव पानाचीच रूपांतरे आहेत ही कल्पना जर्मन कवी आणि निसर्गाभ्यासक गटे यांनी १७९० मध्ये मांडली होती, आणि पुढे जनुकशास्त्राने तिला मोठ्या प्रमाणात पुष्टी दिली.

भेंडी आडवी चिरली की साधारणपणे पाच कप्पे दिसतात. अशी पाच दुमडलेली पाने कडेने एकमेकांना चिकटली आणि त्यांचे काठ मध्यभागी एकत्र आले, म्हणून बिया मध्याशी लागलेल्या असतात. सीताफळात उलट एका फुलातील पुष्कळ किंजदले सुटी असतात आणि फळ वाढताना ती एकमेकांत मिसळतात. सालीवरचा एकेक डोळा म्हणजे एकेक किंजदल आणि त्याच्या आतल्या गरात एखादी बी. वाटाणा, भेंडी आणि सीताफळ यांच्या चित्रांखाली किंजदले किती आणि ती सुटी की जोडलेली, एवढे लिहून ठेवावे.

कप्पा बंद झाल्याने काय साधले, हे येथेच उजव्या पानावर नोंदवावे. कीटकांपासून आणि कोरडेपणापासून बीजांडांचे रक्षण झाले, हा सर्वांत उघड फायदा. त्याहून मोठा बदल असा की परागकणाला आता थेट बीजांडापाशी जाता येईना. त्याला कुक्षीवर, म्हणजे किंजदलाच्या पराग झेलणाऱ्या टोकावर उतरून, रुजून, नळी वाढवत आत जावे लागू लागले. त्यामुळे मातृवनस्पतीला परागकणांत निवड करण्याची संधी मिळाली: परक्या जातीचा पराग नाकारणे, पुष्कळ वनस्पतींत स्वतःचाच पराग नाकारणे, आणि जलद वाढणाऱ्या नळीला आपोआप अग्रक्रम मिळणे. शिवाय या कप्प्याचेच पुढे फळ झाले, आणि बीज दूर नेण्याचे काम पक्षी, माकडे, वटवाघळे, वारा, पाणी यांच्यावर सोपवता आले.

सोनचाफ्याचे विच्छेदन

या पाहणीत सर्वांत अधिक वेळ सोनचाफ्याला द्यावा. अर्धवट उमललेले ताजे फूल घ्यावे; पूर्ण उमललेल्या फुलाचे पुंकेसर गळून गेलेले असतात. फूल सोनचाफ्याचेच आहे याची खात्री करावी, कारण देवळाच्या आवारातला पांढरा देवचाफा अगदी वेगळ्या, कण्हेरीच्या कुळातला असून मूळचा अमेरिकेतील आहे.

बाहेरून एकेक पाकळी सोडवून कागदावर ओळीने मांडावी. हिरवी निदले कोठे संपली आणि रंगीत पाकळ्या कोठे सुरू झाल्या, हे ठरवता येत नाही, कारण तसा भेदच नाही. बाहेरची रुंद आणि आतली अरुंद एवढाच फरक आढळतो. अशा एकसारख्या अवयवांना परिदले म्हणतात. त्यांची संख्या पंधराच्या आसपास किंवा त्याहून अधिक भरते, आणि दोन फुलांत ती सारखीच येईल याची खात्री नसते. संख्या पक्की नसणे हीच येथे महत्त्वाची नोंद आहे. दहा फुले मोजावीत आणि दहाही आकडे लिहावेत, सरासरी काढून त्यावर पाणी फिरवू नये.

परिदले निघाल्यावर मध्ये उभा दांडा उरतो. त्याच्या तळाशी पुष्कळ पुंकेसर दाटीने लागलेले असतात. एक पुंकेसर टाचणीने सोडवून भिंगाखाली ठेवावा. जास्वंदीच्या पुंकेसरात बारीक तंतू आणि त्याच्या टोकाला परागकोश असे दोन भाग लगेच ओळखू येतात. चाफ्याचा पुंकेसर मात्र चपट्या पट्टीसारखा असून परागकोश त्या पट्टीतच लांबट कप्प्यांच्या रूपाने बसलेले दिसतात. पुंकेसर काढून टाकले की त्यांच्या जागी राहिलेल्या खुणा दांड्याभोवती फिरत वर गेलेल्या दिसतात. त्या फेऱ्यावर पेन्सिलीचे टोक फिरवून पाहावे. वर्तुळ पूर्ण होत नाही, ते वरच्या खुणेला जाऊन मिळते. याला सर्पिल मांडणी म्हणतात.

पुंकेसरांच्या वर थोडा मोकळा दांडा आणि त्याच्याही वर हिरवी, लहान, एकमेकांपासून सुटी असलेली किंजदले. एक किंजदल ब्लेडने उभे चिरले तर आत बीजांडे दिसतात. परागीभवन झाले तर प्रत्येक किंजदल स्वतंत्रपणे फुगते, वाळल्यावर फाटते आणि त्यातून लालसर बिया बाहेर येतात. झाडावर अशा फळांचा झुपका मिळाला तर तोही वहीत काढून ठेवावा.

आता अर्थ लावण्याकडे यावे. गेल्या शतकातील पुष्कळ पाठ्यपुस्तकांनी असेच फूल पहिले फूल मानले: अवयव पुष्कळ, सुटे आणि सर्पिल. या चित्राचा काही भाग टिकला आहे आणि काही भाग डळमळला आहे. एर्वे सोके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये सुमारे आठशे जातींच्या फुलांची तुलना करून आद्य फुलाची जी कल्पना मांडली, तीत फूल द्विलिंगी आहे, परिदले दहाहून अधिक आणि एकसारखी आहेत, पण परिदले आणि पुंकेसर सर्पिल मांडणीत नसून तीन-तीनच्या वर्तुळांत आहेत. म्हणून चाफ्याच्या नोंदीत ‘निदले-पाकळ्यांत भेद नाही’ या गुणापुढे ‘जुना’ असे निःशंकपणे लिहावे. ‘सर्पिल मांडणी’ या गुणापुढे प्रश्नचिन्ह टाकावे. मला स्वतःला हे प्रश्नचिन्ह फार मोलाचे वाटते; ज्या वहीत एकही प्रश्नचिन्ह नाही ती वही निरीक्षणाची नसून उताऱ्याची आहे असे खुशाल समजावे.

मसाल्याच्या डब्यातील तीन साक्षीदार

गुण जुना की नवा हे ठरवण्याची रीत अशी आहे. वनस्पतींच्या वंशवृक्षात सर्वांत आधी फुटलेल्या शाखांकडे पाहावे. एखादा गुण त्या शाखांत सर्रास आढळत असेल आणि इतरत्रही अधूनमधून दिसत असेल, तर तो समान पूर्वजाकडून आला असण्याची शक्यता मोठी. फक्त एखाद्याच उशिरा फुटलेल्या शाखेत आढळत असेल तर तो बहुधा नवा.

सर्वांत आधी फुटलेली शाखा म्हणजे अँबोरेला. हे झुडूप फक्त प्रशांत महासागरातील न्यू कॅलेडोनिया येथे वाढते. त्याची एकच जात आहे, फुले लहान आणि फिकट, नर-मादी झाडे वेगळी, आणि इतर बहुतेक सपुष्प वनस्पतींच्या लाकडात पाणी वाहणाऱ्या ज्या वाहिन्या असतात त्या यात नाहीत. त्याचे हे स्थान १९९९ मधील जनुकीय अभ्यासांतून पुढे आले आणि त्याच्या संपूर्ण जनुकसंचाचे वाचन २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या किंजदलांचे काठ ऊतींनी पक्के जोडलेले नसतात. फटीतील स्रावच कप्पा बंद करतो. कप्पा आधी असा स्रावाने बंद होत असे आणि काठ पक्के जुळणे नंतर आले, हा निष्कर्ष यावरून निघतो.

अँबोरेला आपल्याला मिळणार नाही. पण त्याच्या नंतर लगेच फुटलेल्या शाखांपैकी एकीचा प्रतिनिधी बहुतेकांच्या डब्यात असतो. तो म्हणजे चक्रफूल. एक अखंड चक्रफूल कागदावर ठेवावे. बहुधा आठ, होडीच्या आकाराचे कप्पे मध्याभोवती एका वर्तुळात बसलेले दिसतात. प्रत्येक कप्पा वरच्या कडेने उकललेला आणि त्यात एक चकचकीत तपकिरी बी. एकेक कप्पा म्हणजे एकेक सुटे किंजदल, आणि उकललेली कड म्हणजे त्याच्या काठांची जुळणी. वाटाण्याच्या शेंगेत जे पाहिले तेच येथे आठपट दिसते. ज्याला फूल म्हणतो ते खरे म्हणजे फळ आहे.

त्याच डब्यातील दालचिनी, तमालपत्र, मिरी आणि जायफळ ही सोनचाफ्याच्या मोठ्या शाखेतली आहेत. मिरीच्या किंवा नागवेलीच्या कणसावरची फुले भिंगातून पाहिली तर त्यांना एकही पाकळी सापडत नाही. चाफ्याच्या शाखेत असूनही पाकळ्यांचा पूर्ण लोप, हे सुरुवातीला सांगितलेल्या नियमाचे उत्तम उदाहरण आहे.

तिसरी साक्षीदार लवंग. ती खरोखरच फूल आहे, न उमललेली कळी. दोन-तीन लवंगा कोमट पाण्यात मऊ होईपर्यंत भिजत घालाव्यात. मग टोकाची गोल टोपी टाचणीने उचलावी. ती न उघडलेल्या पाकळ्यांची आहे. तिच्याखाली आत वळलेले असंख्य पुंकेसर आणि मध्यभागी एक कुक्षीवृंत सापडतो. बाहेर चार टोके दिसतात ती निदले. आता दांडी उभी चिरावी. निदलांच्या थोडे खाली, दांडीच्या आतच, अंडाशयाचे बारीक कप्पे आहेत. चाफ्यात किंजदले फुलाच्या शेंड्यावर उघडी होती, येथे अंडाशय सर्व अवयवांच्या खाली जाऊन बसला आहे. हा नवा गुण आहे, आणि तो वेगवेगळ्या शाखांत अनेकदा स्वतंत्रपणे निर्माण झाला. पेरू आणि जांभूळ याच कुळातले. पेरूच्या टोकाशी असलेला वाळलेला मुकुट म्हणजे फळावर राहिलेली निदले.

जाता जाता एक सूचना. दगडफुलाचे विच्छेदन करू नये. ते फूल नाही, वनस्पतीही नाही. बुरशी आणि शैवाल यांच्या सहजीवनातून झालेले ते दगडावरचे आणि सालीवरचे शैवाक (लायकेन) आहे.

कुमुद आणि कमळ यांची गल्लत

नर्सरीत ‘कमळ’ म्हणून विकली जाणारी पुष्कळ रोपे वॉटरलिलीची म्हणजे कुमुदाची असतात. दोन्ही ओळखण्याची खूण सोपी आहे. कुमुदाचे पान पाण्यावर तरंगते आणि त्याला देठापर्यंत खाच असते. कमळाचे मोठे पान पाण्याच्या वर उभे राहते, पूर्ण गोल असते आणि देठ त्याला मधोमध लागतो. कुमुदाची शाखा अँबोरेलानंतर लगेच फुटलेली आहे. कमळ मात्र तिच्यापासून फार दूर, रस्त्याकडेला लावल्या जाणाऱ्या सिल्व्हर ओकच्या नात्यातले आहे. पाण्यात राहण्याच्या गरजेतून दोघांना सारखे रूप आले. मखाणा कमळाचे बीज आहे असे सर्रास सांगितले जाते, तेही चुकीचे आहे. तो कुमुदाच्या कुळातील एका काटेरी वनस्पतीच्या बियांपासून करतात.

कुमुदाच्या फुलातील अवयव बाहेरून आत क्रमाने सोडवून मांडावेत. काही प्रकारांत पाकळी अरुंद होत जाते, मग तिच्या कडेवर परागकोशाची पिवळी रेघ दिसू लागते, आणि शेवटी पूर्ण पुंकेसर येतो. पाकळी आणि पुंकेसर यांमधली सीमा किती सैल असू शकते याचा याहून चांगला पुरावा घरगुती पाहणीत मिळणार नाही. दुहेरी जास्वंदीतही पुंकेसरांच्या पाकळ्या झालेल्या दिसतात. कोणता अवयव कोठे घडावा हे काही मोजक्या जनुकांच्या जोड्यांवर ठरते, हे एन्रिको कोएन आणि इलियट मायरोविट्झ यांनी १९९१ मध्ये मांडले, आणि माळ्यांनी जपलेली बहुतेक भरगच्च फुले म्हणजे त्या जोड्यांत झालेला फेरफार होय.

परागकण

मोहरीच्या फुलातील परागकोश काचपट्टीवरील पाण्याच्या थेंबात टाचणीने फोडावा, कोश काढून टाकावा आणि वर आच्छादन ठेवावे. परागकणाला तीन खाचा दिसतात. कण वरून दिसत असेल तर तिन्ही एकदम, कडेने दिसत असेल तर एक-दोन. मग गवताचा किंवा मक्याचा पराग पाहावा. त्याला एकच छिद्र असते. परागनळी या खाचांतून किंवा छिद्रातून बाहेर पडते, त्यामुळे तीन खाचा असल्या की कण कोणत्याही बाजूवर पडला तरी एखादी खाच कुक्षीला भिडण्याची शक्यता वाढते. जास्वंदीचा काटेरी पराग भिंगातूनही दिसतो, पण त्याला पुष्कळ छिद्रे असल्याने या तुलनेसाठी तो घेऊ नये.

तीन खाचांचा पराग सुमारे १२.५ कोटी वर्षांपूर्वीच्या थरांत दिसू लागतो. तो ज्या शाखेची खूण आहे तिच्यात आज मोहरी, तूर, आंबा, गुलाब, वांगे, कापूस, कमळ यांच्यासह सपुष्प वनस्पतींच्या सुमारे तीन चतुर्थांश जाती येतात. त्याच सुमाराच्या थरांत संपूर्ण वनस्पतीही मिळतात. चीनमधील लिआओनिंग प्रांतातून १९९८ मध्ये वर्णन केलेली आर्किफ्रुक्टस आणि स्पेनमधून २०१५ मध्ये सपुष्प म्हणून ओळखली गेलेली माँटसेकिया, या दोन्ही पाण्यात वाढणाऱ्या होत्या. यावरून पहिली फुले पाण्यात उमलली असा निष्कर्ष मात्र काढू नये, कारण गाळात पुरल्या जाणाऱ्या पाणवनस्पतींचे जीवाश्म होण्याचा संभव मुळातच अधिक असतो.

झेंडूविषयी थोडक्यात. दसऱ्याच्या तोरणातील एक फूल उभे चिरावे आणि त्यातील एक ‘पाकळी’ तळाशी पकडून ओढावी. तिच्या बुडाशी दुभंगलेली कुक्षी सापडली की ती पाकळी नसून पूर्ण फूल आहे हे कळते. म्हणजे तोरणातले एक फूल हा शेकडो फुलांचा फुलोरा असू शकतो.

नारळ: खाद्य केव्हा साठवावे

फुलातील सर्वांत महत्त्वाची घटना डोळ्यांना दिसत नाही, पण तिचा परिणाम नारळात दिसतो. सर्गेई नावाशिन यांनी १८९८ मध्ये शोधून काढले की परागनळीतून दोन पुंयुग्मके (नर प्रजननपेशी) आत जातात. एक अंडपेशीशी मिळून भ्रूण घडवते. दुसरे बहुतेक वनस्पतींत दोन केंद्रकांशी मिळून भ्रूणपोष, म्हणजे भ्रूणाचे खाद्य घडवते. यालाच दुहेरी फलन म्हणतात. कोवळ्या शहाळ्यातील पाणी हा द्रवरूप भ्रूणपोष आणि खोबरे हा पेशीमय भ्रूणपोष. नारळ फोडून मऊ डोळ्याच्या आत खोबऱ्यात रुतलेला, बोटाच्या पेरापेक्षाही लहान भ्रूण शोधावा. रुजलेल्या नारळातील गोड, स्पंजासारखा गोळा हा त्याच भ्रूणाचा, खाद्य शोषणारा भाग आहे.

आता चिलगोजा पुन्हा हातात घ्यावा. त्यातील पांढरा गर फलनापूर्वीच तयार होऊ लागलेला असतो. फलन झाले नाही तर तो खर्च वाया जातो. सपुष्प वनस्पती फलनाची खात्री झाल्यावरच खाद्य साठवू लागते. भात, गहू, ज्वारी आणि मका यांच्या दाण्यांतील पीठ म्हणजे हाच भ्रूणपोष. माणसाला वनस्पतींपासून मिळणाऱ्या उष्मांकांचा अर्ध्याच्या आसपास भाग भात, गहू आणि मका या तीन धान्यांतून येतो, हे लक्षात घेतले तर नावाशिन यांच्या शोधाचे मोल अधिक सांगावे लागत नाही. वालाचा किंवा हरभऱ्याचा दाणा भिजवून सोलला तर मात्र दोन जाड दले सापडतात. तेथे भ्रूणाने भ्रूणपोष आधीच संपवून खाद्य दलांत भरून घेतलेले असते.

पिंपळपान आणि गवत

पिंपळाचे पान पाण्यात काही आठवडे कुजू द्यावे आणि मऊ ब्रशाने गर काढावा. उरलेली जाळी उजेडासमोर धरून भिंगाने पाहावी. शिरांमधील जागा किती लहान आहे ते पट्टीने मोजावे आणि नेच्याच्या पानाशी तुलना करावी. केविन बॉइस, टिम ब्रॉडरिब आणि सहकाऱ्यांच्या २००९ मधील अभ्यासानुसार इतर वनस्पतींच्या पानांत दर चौरस मिलिमीटरला साधारण दोन मिलिमीटर लांबीच्या शिरा असतात, सपुष्प वनस्पतींत सरासरी आठ. अधिक शिरा म्हणजे पानाला अधिक पाणी आणि त्यामुळे प्रकाशसंश्लेषणाचा अधिक वेग. या वनस्पतींच्या विस्ताराचे श्रेय केवळ फुलांना आणि मधमाश्यांना देणारे वर्णन मला म्हणूनच अपुरे वाटते. त्यांनी पानांच्या जोरावरही जागा जिंकली.

शेवटची पाहणी फुलोऱ्यात आलेल्या ज्वारीची. कणसातून लोंबणारे परागकोश आणि पिसासारख्या दोन कुक्षी भिंगातून पाहाव्यात. पाकळ्या, वास, मध यांपैकी काहीच नाही, कारण परागीभवन वाऱ्यावर आहे. ज्वारीचे पान कडेवरून उलट दिशेने चोळले तर बोटाला खरखर लागते. तिला कारण असलेले सिलिकाचे सूक्ष्म कण पान कुजल्यावरही टिकतात. या कणांनीच एक जुना समज मोडला. गवते डायनोसॉर नष्ट झाल्यानंतर आली असे मानले जाई. परंतु चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथे मिळालेल्या डायनोसॉरच्या अश्मीभूत विष्ठेत गवतांचे असे कण, त्यांपैकी काही भाताच्या नातेवाइकांचे, वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले, आणि २००५ मध्ये ते संशोधन प्रसिद्ध झाले. डायनोसॉर नष्ट होण्याचा काळ ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे गवतांच्या शाखा त्याआधीच वेगळ्या झाल्या होत्या. विदर्भात लाव्हाच्या दोन थरांमध्ये साचलेल्या गाळातही फळे, बिया आणि ताडवर्गीय वृक्षांची खोडे मिळतात. असे काही दिसल्यास छायाचित्र आणि जागेची नोंद घ्यावी, दगड उचलून नेऊ नये.

नोंदी जुळवणे

सर्व पाहण्या संपल्यावर वहीच्या जोडपानावर वंशवृक्ष काढावा. खाली चिलगोजा आणि सायकस यांची फांदी. तिच्या वर अनुक्रमे अँबोरेला, कुमुद आणि चक्रफूल यांच्या फांद्या. त्यांच्या वर तीन मोठ्या फांद्या: चाफा-मिरी-सीताफळ यांची, ज्वारी-नारळ यांची एकदलिकितांची (बीजात एकच दल असणाऱ्यांची), आणि मोहरी-भेंडी-लवंग यांची तीन खाचांच्या परागाची. मग उजव्या पानांवरील एकेक गुण ज्या फांदीवर प्रथम आला असावा तेथे लहान आडवी रेघ मारून लिहावा. बंद किंजदल आणि दुहेरी फलन यांच्या रेघा अँबोरेलाच्या खाली, मुख्य खोडावर पडतील. तीन खाचांची रेघ शेवटच्या फांदीवर. जो गुण दोन वेगळ्या फांद्यांवर स्वतंत्रपणे आलेला दिसतो, उदाहरणार्थ कमळ आणि कुमुद यांचे पाण्यात जगण्याचे रूप किंवा मिरी आणि ज्वारी यांच्यातील पाकळ्यांचा अभाव, तो लाल पेन्सिलीने लिहावा. वरच्या तीन मोठ्या फांद्यांपैकी कोणती आधी फुटली याबद्दल वेगवेगळ्या अभ्यासांत वेगवेगळा क्रम येतो. म्हणून त्या तिन्ही एकाच बिंदूतून काढाव्यात आणि तेथे चाफ्याच्या सर्पिल मांडणीसारखेच एक प्रश्नचिन्ह ठेवावे.